न वाचलेला मजकूर : बेडकाच्या अंड्यातील एका रूपकाची कथा

जीवशास्त्राने साहित्याच्या घरातून बरेच शब्द उसने नेले आहेत. पेशीच्या केंद्रकातील डीएनएवरून आरएनएची प्रत तयार होते, त्या क्रियेला ते शास्त्र प्रतिलेखन म्हणते. त्या प्रतीबरहुकूम प्रथिन घडते, त्याला भाषांतर. केंद्रकातून पेशीद्रव्यात उतरणारी ती प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. संकेत, वाचन, संपादन, विराम हे शब्दही तिथे रूढ आहेत. मेघाला दूत करणाऱ्या आपल्या वाङ्मयपरंपरेला एखादा रेणू दूत झाल्याचे नवल वाटू नये. पण उसन्या दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे पाहण्याचा हक्क देणाऱ्याला असतो, आणि साहित्याचे अध्यापक तो क्वचितच बजावतात.

प्रस्तुत लेखात आम्ही अशा एकाच रूपकाचा माग काढला आहे. ते रूपक आहे मुखवट्याचे. आईने अंड्यात ठेवलेले संदेश मुखवट्याआड असतात, म्हणून ते योग्य वेळेपर्यंत वाचले जात नाहीत, असे जीवशास्त्रज्ञ १९६०च्या दशकापासून म्हणत आले. या रूपकाने त्यांना उत्तम प्रश्न सुचवले आणि काही काळ त्यांची दिशाभूलही केली, असे आमचे मत झाले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अंडे फलित झाले की गर्भ घडू लागतो. त्यासाठी लागणारी प्रथिने कोणाच्या आज्ञेने तयार होतात, आईच्या की गर्भाच्या स्वतःच्या? १९३६ मध्ये एथेल ब्राउन हार्वी या संशोधिकेने सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांचे, गरगर फिरवून, दोन तुकडे केले. एका तुकड्यात केंद्रक होते, दुसऱ्यात नव्हते. केंद्रक नसलेल्या तुकड्यांना कृत्रिम रीतीने चेतवल्यावर तेही विभागू लागले. ग्रंथालयच नसलेल्या गावात वाचन चालू असावे, तसा हा प्रकार होता. १९६०च्या दशकात ॲक्टिनोमायसिन हे प्रतिलेखन रोखणारे औषध हाती आल्यावर पॉल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न अधिक नेमका विचारला. नव्या प्रती काढणे बंद केले, तरी सी अर्चिनच्या फलित अंड्यांत प्रथिने बनतच राहिली. म्हणजे प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या.

त्याच सुमारास, १९६४ मध्ये, डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी बेडकाच्या एका सदोष वाणाकडे लक्ष वेधले. या वाणातील काही गर्भांना रायबोसोम, म्हणजे संदेश वाचून प्रथिन जुळवणारी यंत्रे, तयारच करता येत नाहीत. तरीही ते गर्भ पोहणाऱ्या पिलांच्या अवस्थेपर्यंत जगतात, मग मरतात. तोपर्यंतचे सगळे वाचन आईने दिलेल्या यंत्रांवर चाललेले असते. आईची शिदोरी किती दिवस पुरते याचे इतके करुण मोजमाप आमच्या वाचनात दुसरे नाही.

मात्र खरे कोडे याच्या पुढचे आहे. प्रती आधीपासून आहेत, वाचणारी यंत्रेही आहेत. मग फलनापूर्वी वाचन का होत नाही? रशियन जीवरसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्पिरिन आणि सहकाऱ्यांना १९६४ मध्ये लोच नावाच्या गोड्या पाण्यातील माशाच्या गर्भांत रायबोसोमपासून दूर, प्रथिनांनी वेढलेले आरएनएचे कण सापडले होते. १९६६ मध्ये त्यांनी मुखवट्याआडच्या संदेशाची कल्पना सविस्तर मांडली. संदेशावर प्रथिनांचे आवरण असते. ते आहे तोवर संदेश गप्प, ते उतरले की बोलता. कल्पना साधी होती, डोळ्यांसमोर उभी राहणारी होती आणि प्रयोगांना आमंत्रण देणारी होती.

इथून पुढची कथा मुख्यतः एका बेडकाची आहे. दक्षिण आफ्रिकेतील हा नखवाला बेडूक, झेनोपस, जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला तो गर्भविज्ञानासाठी नव्हे. १९२७ ते १९३० या काळात केपटाउनमध्ये असलेले लान्सलॉट हॉगबेन यांच्या लक्षात आले की पोषग्रंथीचा अर्क टोचल्यावर या बेडकाची मादी अंडी घालते. गर्भवती स्त्रीच्या मूत्रातही तसा परिणाम घडवणारे संप्रेरक असते. त्यावरून गर्भचाचणी निघाली आणि १९६०च्या दशकापर्यंत या माद्या रुग्णालयांच्या टाक्यांत ठेवल्या गेल्या. स्त्रियांच्या आयुष्यातील एका मोठ्या बातमीची ही दूती पुढे मातृसंदेशांच्या अभ्यासाचे साधन झाली, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्याला बटबटीत म्हटले असते.

झेनोपसची पूर्ण वाढलेली अंडपेशी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. नुसत्या डोळ्यांनी दिसते, सुईने टोचता येते. १९७१ मध्ये गर्डन, लेन, वुडलँड आणि मार्बे यांनी सशाच्या रक्तपेशींतून हिमोग्लोबिनचा संदेश काढून या अंडपेशीत सोडला. बेडकाच्या अंडपेशीने सशाचे हिमोग्लोबिन बनवले, आणि पुढे असेही दिसले की ती ते दिवसेंदिवस बनवत राहते. भाषांतराच्या अभ्यासकाने या प्रयोगापाशी थांबावे. परका मजकूर आला तर अंडपेशी तो बिनतक्रार वाचते. स्वतःच्या आईच्या बहुतांश संदेशांना मात्र हात लावत नाही. वाचता येत नाही म्हणून ती गप्प आहे, ही शक्यता त्या दिवशी निकालात निघाली. घरचे संदेश कोणीतरी राखून ठेवले होते.

हे राखण्याचे आणि सोडण्याचे काम ज्या रासायनिक खुणेने होते, ती म्हणजे फॉस्फेट. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. तिच्यातील सेरीन किंवा थ्रिओनीन यांसारख्या एखाद्या दुव्यावर कायनेज नावाचे विकर फॉस्फेटचा लहानसा गट बसवते. फॉस्फटेज ते उतरवते. गट लहान, पण त्याच्यासोबत ऋण विद्युतभार येतो आणि प्रथिनाचा आकार, त्याची पकड, त्याची संगत बदलू शकते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूंतील साखरेच्या साठ्याचा अभ्यास करताना ही उलटसुलट चालणारी क्रिया उलगडली; त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले. देवनागरी लिहिणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये. अक्षरावर एक अनुस्वार दिला किंवा पुसला की शब्द बदलतो. अनुस्वाराला मात्र स्वतःचा अर्थ नसतो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तोच कामाला येणार आहे.

बेडकाच्या अंडपेशीत फॉस्फेटचा शिरकाव कसा झाला? वाढलेली अंडपेशी महिनोन्‌महिने थांबून राहू शकते. प्रोजेस्टेरोन या संप्रेरकाचा इशारा मिळाला की ती काही तासांत पक्व होते, म्हणजे फलनाला सिद्ध होते. १९७१ मध्ये योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी दाखवले की पक्व अंड्यातील पेशीद्रव्य अपक्व अंडपेशीत टोचले तर तीही पक्व होते. त्या द्रव्यात असलेल्या अज्ञात घटकाला एमपीएफ हे नाव मिळाले. तो घटक शुद्ध करायला १९८८ साल उजाडले. लोहका, हेज आणि मॅलर यांनी ते साधले, आणि तो एक कायनेज असल्याचे स्पष्ट झाले. त्याआधीच, १९७७ मध्ये, मॅलर आणि क्रेब्स यांनी उलट दिशेची एक गोष्ट दाखवली होती. दुसरे एक कायनेज, पीकेए, अंडपेशीला थांबवून धरते. त्याला अडवले तर प्रोजेस्टेरोनविनाही पक्वता येते. म्हणजे एक कायनेज थांबवणारे, दुसरे पुढे ढकलणारे. खूण तीच, ठिकाण वेगळे.

शिवाय पक्वतेसाठी नवी प्रथिने बनावी लागतात. प्रथिननिर्मिती रोखली तर अंडपेशी तिथेच अडते. यातले एक प्रथिन १९८८ मध्ये नोरिकाझू सागाता आणि सहकाऱ्यांनी ओळखले: मॉस. त्याचा संदेश नष्ट केला की प्रोजेस्टेरोन असूनही पक्वता येत नाही. मॉस स्वतःच कायनेज आहे. आईने लिहून ठेवलेल्या, आजवर न वाचलेल्या एका संदेशातून फॉस्फेट बसवणारा नवा हात तयार होतो, आणि तो हात पुढची साखळी हलवतो. तर मग मॉसचा संदेश कोण उघडतो?

मुखवट्याच्या कल्पनेत वाढलेल्या संशोधकांनी साहजिकच आवरण शोधले, आणि त्यांना ते सापडलेही. १९८४ मध्ये जोएल रिक्टर आणि डेनिस स्मिथ यांनी अंडपेशीतील आरएनएला चिकटणारी प्रथिने काढून ती ग्लोबिनच्या संदेशाला जोडली आणि तो संदेश अंडपेशीत सोडला. एरवी मुक्तपणे वाचला जाणारा तो संदेश रोखला गेला. कायमचा नव्हे, पण रोखला गेला. सशाच्या संदेशावर बेडकाचा मुखवटा चढला होता. १९८७ मध्ये जॉन सोमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी अशाच एका प्रथिनाविषयी दाखवले की त्यावर फॉस्फेट बसले की संदेशाचे वाचन अडते. पुढे ॲलन वुल्फ यांच्या प्रयोगशाळेने एफआरजीवाय-२ हे अंडपेशीत विपुल असणारे प्रथिन अभ्यासले. फिलिप बूव्हे आणि वुल्फ यांचा १९९४ चा निष्कर्ष आम्हांला या सगळ्या इतिहासातील सर्वांत सूचक वाटतो: अंडपेशीच्या केंद्रकात प्रतिलेखित झालेला संदेश मुखवट्याआड जातो, तर तोच संदेश बाहेर तयार करून पेशीद्रव्यात टोचला तर वाचला जातो. गर्डन यांच्या सशाच्या संदेशाला मोकळीक का मिळाली, याचे निदान एक उत्तर इथे मिळते. त्याचा जन्म त्या घरात झाला नव्हता.

तरीही या आवरणांत एक उणीव होती. ही प्रथिने संदेशांना सरसकट चिकटतात. मॉसचा संदेश कोणता, सायक्लिनचा कोणता, आधी कोणता उघडायचा आणि नंतर कोणता, हे त्यांना कळत नाही. पक्वता ही तर क्रमाची गोष्ट आहे. मुखवट्याच्या रूपकात क्रमाला जागा नव्हती, कारण मुखवटा एकतर असतो किंवा नसतो. आम्ही दिशाभूल म्हणतो ती हीच. रूपकाने संशोधकांची नजर संदेशावर काय पांघरले आहे याकडे वळवली. संदेशातच काय लिहिले आहे, याकडे ती थोडी उशिरा गेली.

गेली ती संदेशाच्या शेवटाकडे. संदेशाच्या टोकाला ॲडेनीन या एकाच अक्षराची माळ असते, तिला शेपूट म्हणतात. केंद्रकातून निघताना ती लांब असते. अंडपेशीत राखून ठेवलेल्या संदेशांची शेपूट पेशीद्रव्यात आल्यावर छाटली जाते. वीस ते चाळीस अक्षरे उरतात. प्रोजेस्टेरोननंतर ठरावीक संदेशांची शेपूट पुन्हा दीडशेच्या आसपास वाढते आणि त्यांचे वाचन सुरू होते. १९८९ मध्ये मार्विन विकेन्स आणि रिक्टर या दोघांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवले की कोणाची शेपूट वाढायची हे संदेशाच्या शेवटच्या, प्रथिनात कधीच न उतरणाऱ्या भागातील युरिडीनबहुल अक्षरओळ ठरवते. संहितेचा जो भाग भाषांतरात येत नाही, तोच भाषांतर केव्हा व्हावे हे सांगतो. हस्तलिखितांच्या समासातील टिपा आणि पुष्पिका अभ्यासणाऱ्यांना हे लगेच पटेल. मॉसच्या बाबतीत १९९५ मध्ये शीट्स, वू आणि विकेन्स यांनी ही शेपूट वाढणे पक्वतेसाठी आवश्यक असल्याचे दाखवले.

त्या अक्षरओळीला ओळखून चिकटणारे प्रथिन म्हणजे सीपीईबी. लॉरा हेक आणि रिक्टर यांनी १९९४ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले. ज्या रिक्टर यांनी दहा वर्षांपूर्वी सशाच्या संदेशावर मुखवटा चढवला होता, त्यांनाच आता संदेश उघडणारे प्रथिन हाती लागले होते. तेव्हा सीपीईबीची ओळख चालना देणारे अशीच होती.

कथेला वळण लागले १९९९ मध्ये, आणि ते बेडकाकडून नव्हे तर शिंपल्याकडून. नॅन्सी स्टँडार्ट यांचा अभ्यास स्पिसुला या शिंपल्यावर होता. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांचाच तो दूरचा भाऊबंद. त्याच्या अंडपेशीतील एका संदेशाचा शेवटचा भाग झाकला की मुखवटा गळून पडतो, असे त्यांनी १९९० मध्येच दाखवले होते. त्या भागाला चिकटून संदेश गप्प ठेवणारे प्रथिन कोणते, याचा शोध लागला तेव्हा ते निघाले सीपीईबीच्याच कुळातले. त्याच वर्षी द मूर आणि रिक्टर यांनी बेडकातही दाखवले की ज्या अक्षरओळीमुळे सायक्लिनचा संदेश पुढे उघडतो, तिच्यामुळेच तो आधी बंद असतो. बंद करणारा आणि उघडणारा एकच होता. मुखवटा उतरून कोणी फेकून देत नव्हते. मुखवट्यानेच तोंड उघडले होते.

मग फरक कशाने पडतो? राउल मेंडेझ, रिक्टर आणि सहकाऱ्यांचे २००० मधील उत्तर असे: प्रोजेस्टेरोननंतर सीपीईबीच्या १७४व्या स्थानी असलेल्या सेरीनवर एक फॉस्फेट बसते. ते बसवणारे कायनेज त्यांनी ऑरोरा असे ओळखले. त्यावर पुढे वाद झाला. हेक यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये मॅप कायनेजला पुढे केले. हात कोणाचा यावर मतभेद असले तरी एका खुणेने पालट होतो, हे त्या वादाच्या दोन्ही बाजूंना मान्य होते.

हा पालट कसा घडतो, याचे २००६ मधील किम आणि रिक्टर यांचे विवेचन आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. त्यांच्या मते सीपीईबीच्या भोवती दोन विकरे एकाच वेळी बसलेली असतात. जीएलडी-२ शेपूट वाढवते, पार्न ती छाटते. थांबलेल्या अंडपेशीतही जीएलडी-२ कामावर असते. फक्त पार्नचा हात अधिक चपळ, म्हणून वाढलेले लगेच छाटले जाते. सीपीईबीवर फॉस्फेट बसले की पार्न त्या मंडळीतून बाहेर पडते, आणि शेपूट आपोआप वाढते. म्हणजे महिनोन्‌महिने शांत दिसणाऱ्या त्या अंडपेशीत लिहिणे आणि खोडणे अखंड चाललेले असते. तिची शांतता श्रमाने राखलेली असते. मुखवट्याच्या रूपकाला हे सांगता आले नसते. त्यात गप्प संदेश म्हणजे नुसता झाकलेला, निष्क्रिय संदेश होता.

अर्थात याने सगळे आवरण मोडीत निघाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीपीईबीसोबत बसून वाचनाच्या आरंभीच्या यंत्रणेला अडवणारे एक प्रथिन १९९९ मध्ये सापडले, आणि त्याचे नाव ठेवले गेले मास्किन. म्हणजे मुखवटा नावात तरी परतला. स्टँडार्ट यांच्या गटाने २००७ मध्ये, लहान अंडपेशींत हे काम दुसरीच प्रथिने करतात असे दाखवले. रूपके अशीच टिकतात. वस्तू बदलली तरी नाव चालू राहते.

आता अनुस्वाराच्या मुद्द्याकडे वळू. सोमरव्हिल यांच्या प्रथिनावर फॉस्फेट बसले की वाचन अडते. सीपीईबीवर बसले की ते सुरू होते. पीकेए जागे असताना अंडपेशी थांबते, एमपीएफ जागे झाले की धावते. फॉस्फेट म्हणजे दिवा लावण्याचे बटण असे लोकप्रिय विज्ञानलेखनात सांगितले जाते, ते या इतिहासापुढे टिकत नाही. इतकेच काय, एकाच सीपीईबीवर त्याच खुणेचे दोन परिणाम होतात. मेंडेझ, बर्नार्ड आणि रिक्टर यांनी २००२ मध्ये दाखवले की पक्वतेच्या उत्तरार्धात एमपीएफमधील कायनेज सीपीईबीच्या वेगळ्या स्थानांवर फॉस्फेटे बसवते, आणि बहुतांश सीपीईबी नष्ट होते. हा नाशही निरर्थक नाही. सायक्लिन बी-१ च्या संदेशावर सीपीईबी बसण्याच्या जागा एकाहून अधिक आहेत. सीपीईबीची गर्दी कमी झाल्यावरच तो संदेश पुरता वाचला जातो. मॉसचा संदेश आधी, सायक्लिन बी-१ चा नंतर, हा क्रम अशा रीतीने साधतो. जो क्रम मुखवट्याच्या रूपकात मावत नव्हता, तो खुणांच्या स्थानभेदातून मिळाला. खुणेचा अर्थ ती कुठे आणि कोणत्या संगतीत आहे यावर ठरतो, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या सत्रात आपण विद्यार्थ्यांना सांगतो. जीवरसायनशास्त्राने ते स्वतःच्या वाटेने, तीसेक वर्षे खर्चून शोधले. आपल्या शास्त्रातून त्यांनी रूपके नेली, पण ही जाण नेली नाही, याची आम्हांला थोडी हळहळ वाटते. पण ती त्यांना आयती मिळाली असती, तर तिच्यामागे हा पुरावा उभा राहिला नसता, हेही तितकेच खरे.

पक्व अंडे फलित झाल्यावर पहिले विभाजन होण्यास सुमारे दीड तास लागतो. पुढची विभाजने अर्ध्या अर्ध्या तासाने होतात. या काळात गर्भ स्वतःचे जवळजवळ काहीच लिहीत नाही. आईच्या संदेशांवर त्याचे चालते. बाराव्या विभाजनानंतर, पेशी चार हजारांच्या घरात पोहोचल्यावर, लय मंदावते आणि गर्भाचे स्वतःचे प्रतिलेखन जोमाने सुरू होते. जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्शनर यांनी १९८२ मध्ये हे संक्रमण तपशिलाने वर्णन केले. त्यानंतर आईच्या अनेक संदेशांची पेशी मोडतोड करते. ज्यांना इतके दिवस जपले, छाटले, वाढवले, त्यांच्या अक्षरांचे सुटे घटक गर्भाच्या नव्या लेखनासाठी पेशीद्रव्यात मोकळे होतात.